दमडी कुणाची?

मराठीत ‘दमडी’ हा शब्द आता बहुतेक कंजुषांच्या संदर्भातच उरला आहे. चमडी जाईल पण दमडी जाणार नाही. एक दमडीसुद्धा देणार नाही. नाणं कधीच चलनातून गेलं. शब्द राहिला, तोही न देण्याशी जोडलेला.

मराठी बायबलमध्ये मात्र ही दमडी दिली जाते. मार्कच्या शुभवर्तमानाच्या बाराव्या अध्यायात येशू यरुशलेमच्या मंदिरात दानपेटीसमोर बसला आहे आणि लोक पैसे कसे टाकतात ते बघतो आहे. श्रीमंत लोक पुष्कळ टाकतात. मग एक गरीब विधवा येते आणि दोन अगदी छोटी नाणी टाकते. दोन्ही मिळून एक दमडी. येशू शिष्यांना जवळ बोलावून सांगतो की हिने सगळ्यांपेक्षा जास्त टाकलं, कारण बाकीच्यांनी उरलेल्यातून दिलं आणि हिने आपल्या कमतरतेतून, होतं नव्हतं ते सगळं दिलं. गोष्ट संपली. चार वचनं. मार्कने आणि लूकने ती सांगितली आहे, मत्तय आणि योहान यांच्याकडे ती नाही.

किंमत किती, तर मूळ ग्रीक मजकुरातली ती दोन नाणी मिळून एका दीनाराचा चौसष्टावा भाग होतो. दीनार म्हणजे मजुराची एका दिवसाची मजुरी. आज मजुरी पाचशे रुपये धरली, तर तिने साधारण आठ रुपये टाकले. एका कटिंग चहालाही पुरणार नाहीत असे.

ख्रिस्ती घरात वाढलेल्या कुणालाही ही गोष्ट नवी नाही. माझ्या लहानपणी ती वर्षातून तीन-चारदा तरी ऐकू यायची, आणि बहुतेक वेळा अर्पणाची पिशवी फिरायच्या आधी. आता पिशवीच्या जोडीला दाराशी क्यूआर कोड चिकटवलेला असतो, पण गोष्ट तीच. उपदेशाचा सूरही तोच: बघा, तिच्याकडे काही नव्हतं तरी तिने दिलं, मग आपण का नाही?

मला या लेखात ही गोष्ट नीट वाचायची आहे. ख्रिस्ती औदार्य म्हणजे काय, हातात फार काही नसताना देणं म्हणजे काय, हे शिकवायला तीच सगळ्यात जास्त वापरली जाते. आणि माझ्या मते ती निम्मीच वाचली जाते.

वरचं आणि खालचं

बायबलमधले अध्यायांचे आकडे मूळ लेखकांचे नाहीत. ते मध्ययुगात, तेराव्या शतकात घातले गेले, आणि वचनांचे आकडे त्याहून पुष्कळ नंतर. मार्कने सलग लिहिलं होतं. म्हणून विधवेच्या गोष्टीच्या लगेच वर काय आहे आणि लगेच खाली काय आहे, हे आकडे विसरून पाहायला हवं.

वर काय आहे? येशू लोकांना शास्त्र्यांपासून सावध राहायला सांगतो. लांब झगे घालून मिरवणारे, बाजारात नमस्कार घेणारे, पहिल्या रांगेत बसणारे हे लोक विधवांची घरं गिळतात आणि देखाव्यासाठी लांबलचक प्रार्थना करतात, असं तो म्हणतो. हे चाळिसावं वचन. एक्केचाळिसाव्यात तो दानपेटीसमोर बसतो आणि बेचाळिसाव्यात एक विधवा येते. विधवांना लुटणाऱ्यांबद्दलचं वाक्य आणि सगळं देऊन टाकणारी विधवा यांच्यात फक्त एका वचनाचं अंतर आहे.

खाली काय आहे? सगळे मंदिरातून बाहेर पडतात. एक शिष्य म्हणतो, गुरुजी, केवढे हे दगड, केवढ्या या इमारती! येशू म्हणतो, यातला एक दगड दुसऱ्यावर राहणार नाही. म्हणजे जिच्या खजिन्यात तिने आपलं सगळं टाकलं, ती इमारतच पडणार आहे.

१९८२ मध्ये अ‍ॅडिसन राइट या अभ्यासकाने ‘कॅथॉलिक बिब्लिकल क्वार्टर्ली’त एक लेख लिहिला. शीर्षकातच प्रश्न होता: विधवेची ही दमडी म्हणजे स्तुती की विलाप? राइटचं म्हणणं असं की येशू इथे तिचं कौतुक करतच नाही, तो हळहळतो आहे. ज्या धर्मव्यवस्थेने तिला जपायचं, तिनेच तिला शेवटचं नाणं टाकायला शिकवलं.

हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी लगेच मार्क उघडून पडताळून पाहिलं. येशू तिला शाबास म्हणत नाही. तिच्याशी बोलतही नाही. चांगल्या शोमरोन्याची गोष्ट सांगून झाल्यावर लूकमध्ये तो ‘तूही तसंच कर’ अशा अर्थाचं स्पष्ट सांगतो. इथे तसं काही नाही. आणि कौतुक कसं करायचं हे मार्कला ठाऊक आहे. पुढे चौदाव्या अध्यायात बेथानीला एक बाई येशूच्या डोक्यावर तीनशे दीनारांहून महाग तेल ओतते. लोक चिडतात, येशू तिची बाजू घेतो, तिने चांगलं काम केलं आहे आणि तिची आठवण जगभर राहील असं म्हणतो. विधवेच्या वाट्याला यातलं एकही वाक्य येत नाही.

आणखी एक धागा सातव्या अध्यायात आहे. ‘कुर्बान’ म्हणजे देवाला वाहिलेलं. एखाद्याने आपला पैसा कुर्बान जाहीर केला की आईबापांना द्यायला तो मोकळा नाही, अशी सोय काही धर्मगुरूंनी करून ठेवली होती. येशू त्यांच्यावर तुटून पडतो. घरातल्या म्हाताऱ्या माणसाची भाकरी मंदिराच्या पेटीपेक्षा आधी, हे त्याचं मत तिथे लपलेलं नाही. तोच माणूस पाच अध्यायांनंतर एका उपाशी राहणाऱ्या बाईचं शेवटचं नाणं पेटीत पडताना पाहून आनंदाने मान डोलावेल, हे मला पटत नाही.

पण तिच्याकडे दोन नाणी होती

इथे थांबता आलं असतं. गरिबाकडून दान घेणारी व्यवस्था शोषक, देणारी बिचारी फसलेली, लेख संपला. आपल्या टाइमलाइनवर असं वाचन लगेच लाइक मिळवतं. मला ते पुरेसं वाटत नाही, आणि त्याचं कारण माझी मावशी आहे.

मावशी पुण्यात चार घरी पोळ्या करते. दर महिन्याला पगार झाला की ती त्यातला दशांश वेगळा काढते, वहीत लिहिते, पाकिटात घालून चर्चला देते. घरभाडं थकलेलं असतानाही तिने ते चुकवलेलं मला माहीत नाही. एकदा मी तिला राइटचा मुद्दा माझ्या भाषेत समजावून सांगितला. तिने कणीक मळता मळता ऐकून घेतलं आणि म्हणाली, “अगं, मी काय जन्मभर घेणारीच राहू? जुनी साडी घ्या मावशी, उरलेली भाजी न्या मावशी. महिन्यातून एकदा मी देणारी होते. ते पण काढून घेतेस?”

राइटच्या वाचनातली अडचण या वाक्यात आहे. उपदेशकाने विधवेला आदर्श केलं, टीकाकाराने तिला बळी केलं. दोघांनीही तिला विचारलं नाही. मार्क जाताजाता एक तपशील देतो: नाणी दोन होती. एक ठेवून एक टाकता आलं असतं. तेवढं दान कुणी कमी मानलं नसतं. तिने दोन्ही टाकली. तो तिचा निर्णय आहे. तो शहाणा होता की नाही यावर वाद घालता येईल, पण तो दुसऱ्या कुणाचा होता असं म्हणणं म्हणजे तिच्या हातातली शेवटची गोष्टही काढून घेणं.

मार्कने वापरलेला शेवटचा शब्द ग्रीकमधला ‘बिओस’ आहे, बायोलॉजीतला बायो. त्याचा अर्थ जगणं आणि जगण्याचं साधनही. तिने आपलं ‘बिओस’ टाकलं. मराठी भाषांतरात ‘उपजीविका’ येतं, बरोबरच आहे ते, पण त्यामुळे शब्दाची एकच बाजू दिसते. पुढच्या दोन-तीन अध्यायांत येशूही आपलं जगणं देऊन टाकणार आहे. तिच्यात त्याला स्वतःसारखं कुणी दिसलं असेल का? असेल. हळहळ आणि ओळख एकाच नजरेत असू शकते.

मग प्रश्न उरतो तो तिच्या शब्दांचा. ती काय म्हणाली असती? घरी जाऊन तिने काय खाल्लं? शेजारणीला काय सांगितलं? मार्कच्या गोष्टीत ती मुकी आहे.

चुलीजवळून सांगितलेली गोष्ट

मराठीत एक पुस्तक आहे जिथे ही बाई बोलते. लक्ष्मीबाई टिळकांचं ‘स्मृतिचित्रे’. पहिला भाग १९३४ चा, चौथा भाग अपुरा ठेवून १९३६ च्या फेब्रुवारीत त्या गेल्या. शाळेची परंपरा नाही, नवऱ्याने अक्षरओळख करून दिलेली, आणि तरी मराठी आत्मचरित्रांत या पुस्तकाच्या तोडीची फार थोडी आहेत. २०१७ मध्ये शांता गोखल्यांनी केलेला पूर्ण इंग्रजी अनुवाद आला तेव्हा माझ्या वयाच्या बऱ्याच जणांनी ते आधी इंग्रजीत वाचलं. हरकत नाही, पण मराठीतही वाचा, तो आवाज तिथे आहे.

नारायण वामन टिळक १८९५ मध्ये मुंबईत ख्रिस्ती झाले. लक्ष्मीबाई तेव्हा त्यांच्याबरोबर नव्हत्या. काही वर्षं वेगळं राहून, भांडून, विचार करून त्या स्वतःच्या वेळेला ख्रिस्ती झाल्या. अहमदनगरला संसार उभा राहिला. टिळक मोठे कवी, आणि मोठे देणारे. हातात पैसा टिकत नसे. दारात आलेला माणूस घरचा व्हायचा. दुसऱ्यांची मुलं त्या घरात वाढली. बालकवी ठोमरे घरच्या मुलासारखे तिथे राहिले. १९१७ मध्ये टिळकांनी मिशनची नोकरी सोडली आणि ‘देवाचा दरबार’ ही स्वतःची कल्पना घेऊन निघाले. टिळकांच्या चरित्रात हा त्यागाचा अध्याय म्हणून वाचला जातो, आणि तो त्याग होताच.

पण जिथे जिथे टिळक देतात, तिथे ‘स्मृतिचित्रे’त एक दुसरी व्यक्तीही असते: जिला संध्याकाळी चूल पेटवायची आहे. येशू दानपेटीसमोर बसला होता. लक्ष्मीबाई डब्यांसमोर बसल्या आहेत. पाहुणा आला हे त्यांना पिठाच्या पातळीवरून कळतं. त्यामुळे त्यांना ते दिसतं जे प्रवचनातून कायम निसटतं: गरीब घरातलं दान बहुधा एका माणसाचं नसतंच. एकजण उचलून देतो, दुसरी ते भरून काढते. नाव एकाचं होतं.

दुसऱ्या कुणी हे लिहिलं असतं तर ती तक्रार झाली असती. लक्ष्मीबाईंच्या लेखणीत ती होत नाही, याचं एक कारण त्यांचा विनोद. नवऱ्याच्या उधळ्या औदार्याकडे त्या अशा बघतात जसं कुणी घरातल्या हुशार पण नादिष्ट मुलाकडे बघावं: वैताग खरा, प्रेम त्याहून खरं. दुसरं कारण जास्त महत्त्वाचं. त्या स्वतःही देत असतात. अनाथ मुलांना त्यांनी जवळ केलं, आजारी माणसांचं केलं, आणि तेव्हा टिळकांवर ढकलण्याजोगं काही नव्हतं. त्यांचं देणं मात्र वेगळ्या जातीचं आहे. टिळक एका झटक्यात देतात. लक्ष्मीबाई रोज देतात आणि उद्याही द्यायचं आहे हे धरून देतात.

आणखी एक गोष्ट मला या पुस्तकात पुन्हा पुन्हा थांबवते. इतकी पक्की ख्रिस्ती बाई, पण आपल्या औदार्याच्या प्रसंगाशेवटी ती बोधवचन चिकटवत नाही. देवाने मग दसपट परत केलं, असा हिशेब मांडत नाही. काही वेळा परत मिळतं, काही वेळा मिळत नाही, प्रसंग संपतो, पुढचा सुरू होतो. आज यूट्यूबवर ‘बी पेरा, शंभरपट कापणी घ्या’ असं सांगून गरिबांच्या खात्यातून पैसे मागणारे उपदेशक ऐकले की लक्ष्मीबाईंचं हे न बोलणं किती मोठं आहे ते कळतं. परताव्याचं आश्वासन मिळालं की दान संपलं, गुंतवणूक सुरू झाली.

हिशेब कुणी द्यायचा

मग बायबलकडेच परत जाऊ, कारण गरिबाच्या दानाबद्दल त्यात फक्त विधवाच नाही. पौलाने करिंथकरांना लिहिलेल्या दुसऱ्या पत्रातले आठवा आणि नववा हे अध्याय पूर्णपणे पैसे गोळा करण्याबद्दल आहेत. यरुशलेममधल्या गरिबांसाठी वर्गणी चालू होती. पौल सांगतो की मासेदोनियातल्या मंडळ्या स्वतः भयंकर दारिद्र्यात होत्या, तरी त्यांनी आपल्या कुवतीबाहेर दिलं, आम्हालाही यात घ्या असं मागे लागून दिलं. माझ्या मावशीचं वाक्यच जणू. घेणारेच राहायचं नाही.

पण मग पौल काय करतो ते बघा. करिंथकरांना तो म्हणत नाही की तुम्हीही सगळं टाका. जे जवळ आहे त्या मानाने द्या, नाही त्या मानाने नको, असं तो समजावतो. दुसऱ्याला आराम आणि तुम्हाला ओढाताण, असा याचा हेतू नाही, हेतू समानता. आज तुमच्याकडे जास्त आहे, उद्या त्यांच्याकडे असेल. पुढे तो जबरदस्तीने दिलेलं नको असंही सांगतो. आणि पैसे नेताना तो एकटा जात नाही. तीताबरोबर मंडळ्यांनी निवडलेली माणसं पाठवतो, का, तर एवढ्या रकमेबाबत कुणी बोट दाखवू नये. दोन हजार वर्षांपूर्वीचं ऑडिट म्हणा हवं तर. देणाऱ्याच्या मनाची शुद्धी त्याने देवावर सोडली. घेणाऱ्याच्या हिशेबाची मात्र देवावर सोडली नाही.

हे दोन अध्याय अर्पणाच्या वेळी वाचले जातात तेव्हा बहुधा मासेदोनिया येतं, हर्षाने देणारा येतो, समानता आणि ऑडिट गळतं. विधवेच्या गोष्टीतून शास्त्री गळतात, तसंच.

थोड्यातून देण्याची अशी रीत, जी देणाऱ्याला उपाशी पाडत नाही, ती केवळ पत्रात राहिली असंही नाही. मिझोराममधल्या प्रेस्बिटेरियन चर्चमध्ये १९१० पासून ‘बुहफाइ थाम’ चालत आलं आहे. स्वयंपाकासाठी तांदूळ काढला की त्यातला एक मूठ बाजूला. चर्चच्या बायका तो घरोघरून गोळा करतात, तो विकला जातो, त्यावर चर्चची कामं चालतात. आपल्याकडे भाऊराव पाटलांच्या रयत शिक्षण संस्थेचा मुष्टिफंड साताऱ्याच्या घराघरांतून याच तत्त्वावर उभा राहिला, ख्रिस्ती नसूनही. दोन्हीकडे माप एकच: मूठ. मोठ्या घरात ती भांड्यातून जाते, लहान घरातही भांड्यातून जाते, आणि भांड्यात भात उरतो. आणि ती मूठ कुणी काढते? जी शिजवते ती. लक्ष्मीबाईंना ही पद्धत आवडली असती असं मला वाटतं.

मावशीच्या बाबतीत माझं मत बदललं आहे, पण पूर्ण नाही. तिच्या दशांशाला मी आता हात लावत नाही. तो तिचा आहे, विधवेची दोन नाणी जशी तिची होती. मात्र गेल्या वर्षी तिच्या मंडळीच्या वार्षिक सभेत मी तिच्या शेजारी बसले होते, आणि जमाखर्च वाचून दाखवायची वेळ आली तेव्हा वेळेअभावी तो पुढच्या सभेत घेऊ असं सांगण्यात आलं. मावशी उभी राहिली. तिला सभेत बोलायची सवय नाही. ती एवढंच म्हणाली, “वाचा की. आम्ही थांबतो.” मागच्या बाकावरच्या आणखी दोन बायका म्हणाल्या, हो, थांबतो. वाचला गेला. फार काही सापडलं नाही त्यात, बरीचशी दुरुस्ती आणि लाइटबिलं.

शेवटी एक काम सांगते, पाच मिनिटांचं आहे. फोनमध्ये मराठी बायबलचं कुठलंही अ‍ॅप उघडा. मार्क, बारावा अध्याय, अडतिसाव्या वचनापासून सुरुवात करा आणि तेराव्या अध्यायाच्या दुसऱ्या वचनापर्यंत न थांबता वाचा, आकड्यांकडे लक्ष न देता. मग ‘स्मृतिचित्रे’ घ्या, नगरच्या घराच्या भागापासून. ख्रिस्ती असा वा नसा. पुढच्या वेळी कुणी तुम्हाला त्या विधवेचं उदाहरण देऊन काही मागेल, तेव्हा द्यायचं की नाही ते तुम्ही ठरवा. पण तिच्या आधीचं वाक्य कोणतं होतं, एवढं मात्र त्याला विचारा.